तिला राख गोड लागते

१७ ऑक्टोबर

आलो बाप्पा एकदाचा. हायवेवर बोथच्या फाट्याला उतरलो तेव्हा कंडक्टर ड्रायव्हरला तेलुगूत काहीतरी म्हणाला नि दोघं हसले. हेच म्हणाला असेल की हे पोरगं एवढं तेल चोपडून कोणाच्या लग्नाला चाललं. मीही हसलो. आज कोणी शिवी दिली असती तरी हसलो असतो, आन मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की ही केवढी मोठी गोष्ट आहे.

फाट्यापासून चिंचधरी बरंच आत आहे. दोन्ही बाजूला कापूस फुटलेला, मधेच कोणाची तूर, वेशीजवळ माळव्याचे हिरवेगार तुकडे. गावात शिरताच एका म्हातारीनं विचारलं, कोणाकडचा पाहुणा रे? म्हटलं, पाहुणा नाही आजी, आता इथलाच.

घरी नार्नूरला सांगून आलोय की कंपनीत लागलो, जुन्या कॉम्प्युटर-मोबाईलच्या रिसायकलिंगची कंपनी, पर्यावरणाचं काम. बाबा जरा सैल झाले. कंपनी म्हणजे गावाबाहेरची बंद पडलेली कापसाची जिनिंग. तिच्या शेडमध्ये हैदराबादकडचा एक शेठ ट्रकनं भंगार आणून टाकतो. टीव्ही, प्रिंटर, रिमोट, वायरींचे गुंतवळे, मोबाईल तर पोत्यांनी. मला वजनकाट्याजवळची खोली दिली आहे. कॉट आहे, पंखा आहे, आन खिडकीतून माळव्याची शेतं दिसतात.

खरं कारण इथंच लिहितो, दुसरीकडे कुठं लिहू. सुनयना या गावात दिली आहे.

उटनूरला कॉलेजात ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. बोरं मागायची, गाभुळलेली चिंच मागायची. एकदा तिची चप्पल तुटली तर माझी मागितली, मी अनवाणी रूमवर गेलो. तिनं मागावं आन मी नाही म्हणावं, असं कधी झालंच नाही. मलाच तेवढं तिनं मागितलं नाही. या उन्हाळ्यात तिच्या लग्नाचं कळलं त्या दिवशी पेपर होता. सुपरवायझर म्हणाला, खाली पाहून लिही. मी पेपर फाडून त्याच्या टेबलावर ठेवला नि बाहेर आलो. तेव्हापासून अजून बाहेरच आहे.

मला काही नको. येता-जाता दिसावी, बास.

२१ ऑक्टोबर

काम जमलं. आमचे मुकादम मारोतराव, सगळे काका म्हणतात. बेल्लमपल्लीच्या कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलेला माणूस. पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल बांधला तर म्हणे, बाबू, नवरी हायेस का? जमिनीच्या पोटातला धूर खाल्ला मी, हा तं उदबत्तीचा हाय.

शेडमध्ये पोरं हातोडीनं टीव्ही फोडतात. दुसरीकडे बाया विस्तवावर तवा ठेवून त्यावर मोबाईलच्या आतली हिरवी पट्टी शेकतात, अगदी भाकर शेकावी तशी. तिच्यावरचे चकचकीत डाग पातळ होऊन थेंब थेंब गळतात, मग चिमट्यानं वरचे बारीक तुकडे उचलायचे. उरलेली पट्टी ॲसिडच्या ड्रमात, सोन्याच्या आशेनं. शेकून जळालेला चुरा नि सगळ्या वायरी येतात माझ्याकडे, खड्ड्यावर. मी त्या पेटवतो. रबर जळून जातं, तांबं उरतं.

पण ती ज्वाळा. अशी हिरवी ज्वाळा मी जन्मात पाहिली नव्हती. पोपटी, मधेच निळसर, काठाला मोरपिशी. सुनयनाची फेअरवेलची साडी याच रंगाची होती. मी वेड्यासारखा पाहत राहिलो नि माझ्या भुवया जळाल्या. काका इतके हसले की खोकला लागून खाली बसले.

राख शेडच्या मागे टाकायची. तिथं मोठा ढीग झाला आहे, मऊ, मेंढीच्या पाठीसारखा.

२६ ऑक्टोबर

दिसली.

झालं असं. ढिगावर गावातल्या बाया टोपल्या घेऊन येतात. मला कळेना, राख कशाला? काकांनी सांगितलं, गावात घरोघरी सिलेंडर आले, चुली गेल्या, राख औषधाला मिळत नाही. वांग्यावर मावा पडला की राख पाह्यजे, ज्वारीच्या कोठीत किडा लागू नये म्हणून राख पाह्यजे, पितळ घासायला राख पाह्यजे. शेठनं बाया कामाला घेतल्या, आन राख फुकट दिली, म्हणून तर गाव धुराला काही म्हणत नाही.

आज संध्याकाळी रुख्मिणीबाई म्हणून एक ठसठशीत बाई आल्या नि त्यांच्या मागे टोपली घेऊन ती. डोक्यावर पदर, हातभर बांगड्या, थोडी भरलेली. पोट दिसत होतं. मी फावडं हातात घेऊन उभा. तीही उभी. रुख्मिणीबाईंनी विचारलं, कोण्या गावचा तू? नार्नूरकडचा म्हटलं तर बाई खूश. म्हणे, मंग तं आमच्या सुनेच्या माहेरचा मानूस, भाऊच झाला तिचा. सुनयनानं ओठ चावून खाली पाहिलं. मला माहीत आहे ते. ती हसू दाबताना असंच करते.

टोपली भरून दिली. ती हळूच म्हणाली, तू काऊन आला इथं? मी म्हटलं, काम आहे. ती म्हणाली, कॉलेज? मी म्हटलं, झालं. खोटंच.

भाऊ म्हणे. घ्या.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आज हसावं का भिंतीवर डोकं आपटावं कळत नाही.

रुख्मिणीबाईंनी निरोप धाडला की सुनेचा सख्खा भाऊ नाही, तू ये ओवाळून घ्यायला. मी गेलो. तिचा नवरा रविकांत, उंच, निवांत माणूस, माळव्याची शेती चांगली करतो. वाईट म्हणावं असं काही सापडलं नाही, फार शोधलं. मला पाटावर बसवून म्हणतो, या साळेसाहेब. सुनयनानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. तिचं बोट थंड होतं. मी डोळे मिटून घेतले, नाहीतर तिथंच काहीतरी बोललो असतो.

तबकात टाकायला शंभराची नोट काढली तर रुख्मिणीबाई म्हणाल्या, पैसे नोको, बहिणीले काय पाह्यजे ते इचार. आन त्या आत करंज्या आणायला गेल्या, रविकांत म्हशीकडे. तेवढ्यात ती तबक धरूनच अगदी हळू बोलली. तिला राख पाहिजे. भाजीला नाही, तिलाच. डोहाळे लागलेत. कोणाला खडूचे लागतात, कोणाला मातीचे, तिला त्या ढिगातल्या राखेचे. टोपली उचलताना बोट चाटलं होतं, तेव्हापासून दुसरं काही गोडच लागेना. म्हणाली, लखन, शपथ, ती गोड लागते. सासूले सांगू नोको, हातपाय बांधून ठेवील. आन अशी हसली, बोरं मागताना हसायची तशी.

मी नाही म्हणणार होतो का.

६ नोव्हेंबर

तिच्यासाठी राख चाळली. ढिगाच्या वरची नाही, खालची, जिथं शेकलेल्या पट्ट्यांच्या चुऱ्याची राख साचते तिथली, ती सगळ्यात मऊ. चाळण जाड वाटली म्हणून माझा कॉलेजचा पांढरा शर्ट फाडला नि त्यातून वस्त्रगाळ केली. पावडरचा रिकामा डबा धुऊन त्यात भरली. डब्यावर गुलाबाचं चित्र आहे. ती राख घ्यायला आली तेव्हा टोपलीत खाली डबा ठेवला, वरून राख. तिनं तो तिथंच उकरून काढला, झाकण उघडून चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले.

मला आज फार सुख झालं. लिहायला लाज वाटते, पण झालं.

१९ नोव्हेंबर

रविकांतची वांगी पाहावीत. एका पानाला भोक नाही. बाकीच्यांनीही राख मारली, सगळ्या गावाचं माळवं चकाकतंय. बोथच्या बाजारात चिंचधरीची वांगी म्हटलं की गिऱ्हाईक विचारत नाही, उचलतं. रविकांतनं मला घमेलंभर आणून दिली, म्हणे साळेसाहेब, तुमच्या राखेचा परताप. रोज खातो.

डबा दुसऱ्यांदा भरून दिला. आता लवकर संपतो.

३० नोव्हेंबर

एक गंमत लक्षात आली. परवा खोलीत गुळाचा खडा सांडला, उचलायचा राहिला. आज पाहिलं तर तसाच. मुंगी नाही. मग आठवलं, इथं आल्यापासून मुंगी पाहिलीच नाही. संध्याकाळी रातकिडे नाहीत. शेडच्या पत्र्यावर चिमण्या बसायच्या, त्या कधी गेल्या? काकांना विचारलं तर म्हणे, बरंच हाय ना, डास बी नाही.

काका हसले तेव्हा त्यांच्या हिरड्या दिसल्या. दातांच्या कडेनं काळीनिळी रेघ, पेनानं ओढावी तशी. खोलीत येऊन आरशात मी माझ्या पाहिल्या. अंधुक आहे. आहेच बहुतेक.

पोटात कळा येतात. तोंडात सारखं गोड.

१० डिसेंबर

गावातल्या भगवानरावांची म्हैस ढिगाच्या बाजूला बांधलेली असते. ती आंधळी झाली. डोळे उघडे आहेत, मोठे, ओले, पण दिसत नाही. दावं सोडलं की गोल गोल फिरते नि मग शेडच्या भिंतीला कपाळ टेकून उभी राहते. टेकून नाही, दाबून. जणू भिंतीच्या पलीकडे जायचं आहे. दात करकर वाजवते. तो आवाज माझ्या खोलीत येतो.

गावातले म्हणतात कोणीतरी करणी केली. सुनयना डबा घ्यायला आली होती. म्हशीकडे बराच वेळ पाहत उभी राहिली, मी दोनदा हाक मारली तेव्हा वळली. तिच्या बांगड्या सैल झाल्या आहेत.

डबा दिला.

१२ डिसेंबर

बोथहून जनावरांचे डॉक्टर आले होते. तेलुगू माणूस, मोडकं मराठी. म्हशीच्या डोळ्यासमोर हात हलवला, जबडा उघडून पाहिला, मग वळून ढिगाकडे पाहिलं. शिसं आहे म्हणाले. विष. तुमच्या त्या पट्ट्यांवरचे चकचकीत डाग शिशाचे, वायरीच्या रबरातही असतं, जळून राखेत उतरतं. ही ढीग चाटत होती. मी विचारलं, जनावर राख कशाला चाटेल सार? ते म्हणाले, चाटतात. त्याची चव गोड असते.

तिथंच ढिगाला धरून बसलो, नि कशाला धरलंय ते कळलं तेव्हा हात झटकत राहिलो.

डॉक्टरांनी सांगितलं, कोणी घरात नेत असेल तर थांबवा, पोटुशी बाई असेल तर आजच. काका मान डोलावत होते. डॉक्टरांची गाडी वळताच त्यांनी थुंकून सांगितलं, म्हैस म्हैस असते, मानसाचं पोट येगळं.

१२ डिसेंबर, नंतर

गेलो होतो तिच्या घरी. सगळं बिघडवून आलो.

रविकांत ओट्यावर होता. शांतपणे सांगायचं असं वाटेत घोकत गेलो होतो. पण ती मागे उभी दिसली, तोंडाला राख लागलेली, आन मी ओरडत सुटलो. त्याला म्हटलं, तुझी बायको विष खाते नि तू वांगी विकत बस. त्यानं विचारलं, कोणतं विष, कोणी दिलं? मी म्हटलं, मी दिलं.

त्यानं मागे वळून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, तू तिले काय काय देतोस रे? हळूच म्हणाला. वाईट काहीच बोलला नव्हता. मी त्याच्या तोंडात मारली.

गल्ली जमली. रुख्मिणीबाईंनी माझा हात धरला नि म्हणाल्या, भाऊ म्हणून पाटावर बसवलं तुले, आन तू सुनेवर डोळा ठेवून आलास? राखेचं मी सांगत राहिलो. त्या म्हणाल्या, इस्तवातून निघालेली वस्तू कशी खराब असंल? राख देव अंगाला लावते. तुह्या मनातच इख हाय. कोणी खरंच माझं ऐकून घेत नव्हतं. मी ऐकण्यासारखं बोलतच नव्हतो.

तिनं दार लावून घेतलं. आतून.

१८ डिसेंबर

दवाखान्यातल्या मीनल सिस्टरांना गाठलं, हात जोडले. बाई चांगल्या, गाडी काढून तिच्या घरी गेल्या, रक्त तपासायला आदिलाबादला चल म्हणाल्या. सुनयनानं सांगितलं की मी राख बिख खात नाही. तो पोरगा कोण ते मले माहीत नाही.

कसं सांगेल. डबा कोणाचा, हे पुढं येईल ना. तिचं घर मोडेल. मी तोंडात मारली त्याच दिवशी तिचं तोंड बंद झालं.

मला माहीत नाही म्हणाली. ठीक आहे. ठीकच आहे.

२५ डिसेंबर

मी देत नाही म्हणून काय. ज्वारीच्या कोठीत तीच राख. ताटवाट्या त्या राखेनंच घासलेल्या. वांग्यावर तीच. खड्डा बंद करा म्हणून काकांशी भांडलो, त्यांच्या हातातली काडेपेटी हिसकली. ते म्हणाले, या बायायच्या पोटावर पाय देतोस का? आन त्या तव्यावरून माना वर करून माझ्याकडे पाहत होत्या. त्यातल्या एकीच्या कडेला तान्हं होतं.

पेन धरताना मनगट खाली पडतं. उचललं तरी पुन्हा पडतं, मेल्या कोंबडीच्या मानेसारखं. डाव्या हातानं उजवा हात धरून लिहितोय.

७ जानेवारी

डॉक्टरांनी वर कळवलं वाटतं. तपासणीला माणसं येणार असा बोभाटा झाला नि शेठनं एका सकाळीत शेड रिकामी केली. तवे, ड्रम, मशीन, सगळं ट्रकात. काका जाताना म्हणाले, बाबू, घरी जा, आईजवळ जा. मी जात नाही. ती इथं आहे.

मला वाटलं सुटलो. पण राख आता मिळणार नाही म्हणून सगळं गाव टोपल्या घेऊन आलं. पोत्यांत भरून नेली. वर्षाची बेगमी. मी ढिगावर आडवा पडलो तर दोघांनी उचलून बाजूला ठेवलं, लग्नात दारुड्याला ठेवतात तसं, हसत हसत. रुख्मिणीबाई तीन पोती घेऊन गेल्या.

म्हैस मेली. पडून आहे. गिधाड सोडा, एक माशी—

१४ जानेवारी, संक्रांत

झालं. मूल झालं तिला. मेलेलं. दिवस भरायच्या आत.

मुलगी होती म्हणतात.

१७ जानेवारी

शेताच्या बांधावर पुरलं, मिठासंगं. वर वाटीत दूध ठेवतात तसं ठेवलं होतं. आज दुपारी कोणी नाही पाहून गेलो. दूध तसंच. नासलेलं, भरलेलं. मुंगी नाही, कुत्रं नाही, मांजर नाही. मातीवर एक पाऊल नाही कोणाचं. असं कसं असंल? मेलेल्याजवळ कोणीतरी येतेच ना.

मी बसलो तिथं. मामाच लागतो की मी तिचा.

२१ जानेवारी

पाह्यलं तिले. खिडकीतून.

वांग्याच्या शेतात पंपाची खोली आहे. तिच्या भिंतीला कपाळ लावून उभी होती. दाबून. भर दुपार. डोळे उघडे. रविकांत खांदे धरून ओढत होता, रडत होता, सोड ना वो, घरी चाल ना वो, म्हणत होता. ती भिंत सोडेना.

दात वाजत होते. एवढ्या दुरून ऐकू येत नसते. मले आलं.

२३ जानेवारी

ॲम्बुलन्स आली. आदिलाबादला नेलं. जाताना तिच्या मुठीत गुलाबाचा डबा होता म्हणतात. रिकामा. मूठ उघडता आली नाही.

२४ जानेवारी

गेली.

२ फेब्रुवारी

दहावा होता आज. मले कोणी बोलावलं नाही. ओढ्याच्या पलीकडं उभा राह्यलो.

पिंड ठेवला. भात, वांग्याची भाजी, करंजी. कावळा शिवंना. गुरुजी म्हणे, काही इच्छा राह्यली तिची, कबूल करा. रविकांतनं हात जोडून सांगतलं, दुसरं लग्न करनार नाही. नाही शिवला. रुख्मिणीबाई रडत म्हणाल्या, तुह्या बापाले मी संभाळीन. नाही. मायबाप, मामा, सगळे. एक एक कबूल करत गेले. ऊन डोक्यावर आलं.

कावळेच नाहीत वो इथं. कुठून येईल? कोणाच्याच ध्यानात कसं—

पण मले माहीत होतं तिले काय पाह्यजे. त्या सगळ्यायमंदी मलेच माहीत होतं. ओठावर आलं होतं. म्हटलं असतं, देईन, तं सुटली असती का? नाही म्हटलं. म्हंजे बोललोच नाही. तोंड मिटून उभा राह्यलो.

शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. लोक उठले.

ती उठली नसन.

३ फेब्रुवारी

हात दोन्ही पडले. पेन मुठीत बांधून

आरशात रेघ जाड झाली

गूळ ठेवला उंबऱ्यावर. मुंगी आली तं समजीन की सगळं ठीक आहे. एक आली तरी

६ फेब्रुवारी

खिडकी बंद केली. तरी भिंतीच्या पलीकडून कोणतरी कपाळ— मी माझं काढून घेतो मंग दाब येते. मी लावलं की थांबते. भिंतीच्या इकडून मी, तिकडून

बेंचच होता मधात कॉलेजात. एवढंच अंतर.

७ फेब्रुवारी, दुपार

गूळ गेला. उंबरा पुसल्यासारखा. मुंग्या नाही. बोटायची रेघ आहे चाटल्यासारखी

बांगड्या

कडी वाजली. माणसासारखी नाही, पावडरच्या डब्यानं वाजवावी तशी, टिनाची. ऊन आहे बाहेर लख्ख. फटीतून मोरपिशी रंग दिसते साडीचा. ती साडी तं—

लखन म्हणते. हळू म्हणते. तशीच, ओठ चावून. थोडीच दे म्हणते. लेकरूबी मागून राह्यलं म्हणते

कॉटखाली आहे माझ्याजवळ. चाळलेली. शर्टात बांधून. फेकली नाही मी, तिच्यासाठी चाळली होती म्हणून फेकवली नाही—

तिले माहीत आहे. तिले सगळं माहीत आहे माझं

दहाव्याले कबूल केलं असतं तं. आता नाही. एकदा तरी तिले नाही म्हणाचं होतं, तवाच, भाऊबीजेले, पाटावर, तबक होतं मधात, तिचं बोट थंड होतं

आज म्हणतो. दार उघडून तोंडावर म्हणतो, सुनयना, जा, नाही देत. रागव माझ्यावर. जा.

हसते ती. बोरं मागताना

कडी काढली. म्हणून राह्यलो मी. ना
नाही म्ह—